भाड्याने घेण्याआधी: दुकानात आणि फोनवर सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचं नाशिकचं दुकान बाबांनी काढलं ते ड्रेपरीचं. शाळेच्या गॅदरिंगला मावळे, कृष्ण आणि टिळक पुरवायचे. आता निम्म्याहून जास्त काम लग्नाच्या कपड्यांचं आहे. रोज तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. जी वस्तू आम्ही देत नाही, तिथे गिऱ्हाईक म्हणून आलेला अनुभव लिहिला आहे.

१. भाड्याने नेमकं काय काय मिळतं? शेरवानी आणि लेहेंगाच ना?

नाही हो. कपडे, दागिने आणि फेटे सगळ्यांना माहीत असतात. त्याशिवाय पंगतीची भांडी, चौरंग, समया, पलंग, फ्रिज, बाळाचा पाळणा, कॅमेऱ्याच्या लेन्स, तंबू, व्हीलचेअर असं बरंच काही मिळतं. अलीकडे रुखवतही सजवलेलं भाड्याने येतं. आजी आमच्या दुकानात बसलेली असताना कोणी त्याची चौकशी केली की ती उठून आत जाते.

ही पद्धत नवी नाही. तासावर सायकल घेऊन ती शिकलेली आणि रात्रभरासाठी व्हीसीआर आणून सकाळपर्यंत तीन सिनेमे बघणारी पिढी अजून घरोघर आहे.

२. 'एका दिवसाचं भाडं' म्हणजे नक्की किती तास?

हे दुकानागणिक बदलतं आणि बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. कपड्यांचं भाडं बहुधा कार्यावर ठरतं. आदल्या दिवशी संध्याकाळी न्यायचं आणि कार्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणून द्यायचं. कॅमेरा चोवीस तासांवर, फर्निचर महिन्यावर, भांडी एका कार्याची. परतीची तारीख आणि वेळ, दोन्ही पावतीवर लिहून घ्या. नुसतं 'रविवार' लिहिलेलं असेल तर तुमच्या लेखी तो रात्री दहापर्यंत असतो आणि आमच्या लेखी दुकान बंद व्हायच्या आत.

३. विकत घ्यावं की भाड्याने? हिशेब कसा करायचा?

आमचा धंदा भाड्याचा आहे, तरी खरं सांगते. समजा शेरवानी विकत १५,००० ची आणि भाडं ३,५०० आहे. चार-पाच वेळा घातली तर विकतची परवडेल. पण लग्नातली भरजरी शेरवानी माणूस पुन्हा कुठे घालतो? भावाच्या लग्नात, आणि तोवर पोट आड येतं. ती भाड्यानेच घ्या. साधा सिल्कचा कुर्ता, काळा ब्लेझर, सहावारी रेशमी साडी मात्र विकत घ्या, त्या वर्षानुवर्षं निघतात.

भाड्यात न दिसणारे खर्चही धरा. दोन फेऱ्यांचं पेट्रोल, अल्टरचे पैसे आणि तेवढे दिवस अडकलेलं डिपॉझिट.

इतर वस्तूंनाही हेच लागू. पाळणा भाड्याने घ्या, मूल काही महिन्यांत त्यात मावेनासं होतं. वर्षातून एकदा हिमालयात जाणाऱ्याने स्लीपिंग बॅग भाड्याने घ्यावी, बूट मात्र स्वतःचे आणि आधी महिनाभर पायात मुरवलेले. रोहतांगच्या वाटेवर बर्फाचे कोट आणि गमबूट दुकानादुकानांतून भाड्याने मिळतात. चार दिवसांच्या मनाली सहलीसाठी इथून जाड जाकिटं विकत घेऊन जाऊ नका.

४. दुसऱ्याने घातलेलं वस्त्र लग्नात कसं चालेल? घरातले मोठे ऐकत नाहीत.

मोठ्यांशी वाद घालू नका, विधी आणि रिसेप्शन वेगळं करा. बऱ्याच घरांत विधींना मुलगी मामाकडची पिवळी अष्टपुत्रीच नेसते. ती नवी असते, स्वतःची असते आणि फार महागही नसते. भाड्याचं काय ते संगीत आणि रिसेप्शनला घ्या. ही तडजोड सुचवली की बहुतेक आत्या आणि मावशा शांत होतात.

स्वच्छतेचं म्हणाल तर थेट विचारा: "मागच्या कार्यानंतर ड्राय क्लीन झालंय का?" आणि काखेचं अस्तर उलटं करून बघा. अत्तराचा भपकारा आला तर समजा, धुण्याऐवजी फवारलं आहे.

५. किती आधी बुक करावं? स्वस्त कधी मिळतं?

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. दाट तारखांसाठी दोन महिने आधी या. चातुर्मासात आणि अधिक महिन्यात लग्नं जवळपास नसतात, तेव्हा दरात घासाघीस चालते. कोर्टमॅरेज किंवा प्री-वेडिंग शूट असेल तर तीच वेळ गाठा. नऊवारीचा हिशेब वेगळा आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेआधी आठवडाभर आमच्याकडे हँगर रिकामे असतात.

६. डिपॉझिट किती असावं? आणि ते परत मिळेल याची खात्री काय?

ठरलेला दर नाही. भाड्याएवढं ते दुप्पट, अशी आमच्याकडची रीत. महागड्या लेन्ससारख्या वस्तूला त्याहून जास्त मागतात. पण वस्तूच्या किमतीच्या जवळ जाणारं डिपॉझिट कोणी मागितलं तर कारण विचारा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अवाजवी जादा अनामत मागणं हे अन्यायकारक कराराचं एक लक्षण म्हणून नोंदलेलं आहे.

भाड्यावरून भांडण झालेलं मी क्वचितच पाहिलं. भांडण डिपॉझिटवरून होतं, तेही वस्तू परत आल्यावर, कारण नेताना ती कशी होती हे दोघांनाही आठवत नसतं. म्हणून नेतानाच, दुकानदारासमोर, मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. बटणं, चेन, अस्तर, काठ, हेम सगळं त्यात येऊ द्या. एखादा खडा आधीच निखळला असेल तर पावतीवर 'डाव्या बाहीचा एक खडा नाही' असं लिहून घ्या. चांगला दुकानदार चिडणार नाही, उलट त्याचंही काम होतं. आम्ही स्वतः हे बाबांच्या पश्चात सुरू केलं आणि वादच निम्मे झाले.

पावतीवर भाडं आणि डिपॉझिट वेगवेगळं लिहिलेलं हवं. 'एकूण जमा ७,०००' एवढंच असेल तर त्यातलं परत किती मिळायचं यावर उद्या दोन मतं होतील. पैसे यूपीआयने दिले तर शेऱ्यात 'डिपॉझिट' लिहा.

७. दुकानदार मूळ आधार कार्ड ठेवून घ्यायचं म्हणतो. द्यावं का?

देऊ नका. प्रत द्या, तीही शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार. प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त शेरवानी भाड्यासाठी', खाली तारीख. कोरा चेक तर अजिबात नको. चेकच द्यायचा असेल तर नाव आणि रक्कम भरून, 'अकाउंट पेयी' करून द्या आणि चेकचा नंबर पावतीवर घ्या.

८. माप बसलं नाही तर? कापून लहान करतात का?

कापत कोणी नाही. कच्चे टाके घालून आटवतात आणि नंतर उसवतात. ढिलं करायचं तर शिवणीत माया असावी लागते, ती आतून उलटं करून दिसते. खांदे मात्र बघूनच घ्या. कंबर, बाही, लांबी जमवता येते, खांदा नाही. घरी स्वतः टाके घालू नका. जरीच्या कापडात सुई शिरली की भोक राहतं आणि ते तुमच्या खाती जमा होतं.

ब्लाउजचं आधी विचारा. कुठे साडीबरोबर मिळतो, कुठे नाही, आणि मिळाला तर तो मागे नाडी असलेला, तीन मापांत बसणारा असतो.

९. भाड्याची पैठणी खरी असते का?

बहुतेकदा सेमी पैठणी असते, म्हणजे यंत्रमागावरची. येवल्याची हातमागावरची पैठणी भाड्याने देणारी दुकानं थोडी आहेत आणि तिचं भाडं ऐकलं की गिऱ्हाईक सेमीकडे वळतं. पदर उलटा करून बघा. हातमागावर विणलेला मोर मागूनही तसाच, स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्याला मागे सुटे धागे लोंबतात किंवा जाळी लावलेली असते. फोटोत फरक कळत नाही, तेव्हा सेमी घ्यायला हरकत नाही. फक्त सेमीला सेमीचंच भाडं द्या.

१०. नऊवारी शिवलेली घेऊ की नेसायची?

लेझीम किंवा ढोल-ताशा असेल तर शिवलेली, पायजम्यासारखी चढवता येते. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. ते नीट चोपून, काष्टा घालून नेसवणारं घरात कोणी असेल तर नेसायचीच घ्या, शिवलेलीला ती ऐट नाही. हे माझं मत, आमच्या दुकानात खपते शिवलेलीच.

११. दागिने भाड्याने घेताना काय बघावं?

भाड्याने मिळतात ते इमिटेशनचे. ठुशी, तन्मणी, कोल्हापुरी साज, बाजूबंद असा सेट असतो. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ मागा आणि आदल्या रात्री अर्धा तास घालून बसा. ऐन मंगलाष्टकांत ती सुटलेली मी पाहिली आहे. इमिटेशनने मानेला पुरळ येत असेल तर मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्यावासा वाटतो, पण भाड्याच्या दागिन्याला ते विचारल्याशिवाय लावू नका. नग मोजून घ्या. कानातल्याचे फिरके मोजायचे राहतात आणि हरवतातही तेच.

१२. कपड्याला डाग पडला तर काय करायचं? सगळं डिपॉझिट जातं का?

आधी हात आवरा. एकदा मोतिया रंगाची शेरवानी परत आली, कॉलरखाली पंजाएवढा विटकरी-लाल डाग. घरच्यांना वाटलं रक्त आहे. होती हळद. कोणीतरी पिवळा डाग बघून लगेच साबण चोळला होता. साबणातल्या अल्कलीने हळद लाल होते, आणि चोळल्याने ती धाग्यात उतरते. नुसतं झटकून, कोरड्या कापडाने टिपून आणली असती तर ड्राय क्लीनवाल्याने बरंच काढलं असतं.

म्हणून हळदीला भाड्याचे कपडे नकोतच. कुंकवाने रंगवलेल्या अक्षता घामेजल्या खांद्यावर पडल्या की ठिपके उमटतात, त्या लगेच झटकायच्या. होमाशी बसताना नेटचा दुपट्टा बाजूला ठेवायचा, एका ठिणगीने भोक पडतं. आणि जरीवर अत्तर थेट फवारायचं नाही.

आता पैशांचं. करार कायद्यानुसार (१८७२, कलम १५१) शहाण्या माणसाने स्वतःच्या तशाच वस्तूची घ्यावी एवढी काळजी तुम्ही घ्यायची असते. साध्या वापराने जे झिजतं ते तुमच्या माथी मारता येत नाही. डाग निघण्यासारखा असेल तर ड्राय क्लीनचा खर्च, फाटलं असेल तर रफूचा, कामातूनच गेलं असेल तर जुन्या वस्तूची किंमत, नव्याची नव्हे. पावतीवर 'डाग पडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त' छापलेलं असलं तरी ते अंतिम नसतं. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला दंड ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देतं. त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही हे मलाही माहीत आहे, पण काउंटरवर हे शांतपणे सांगता येतं.

१३. पंगतीची भांडी भाड्याने आणली, परत देताना नेहमी कमी भरतात. का?

चमच्यांमुळे. पाचशे पानांच्या पंगतीत ताटं आणि पातेली हरवत नाहीत, चमचे आणि वाट्या उष्ट्याबरोबर पिंपात जातात. उपाय दोन. भांडी उतरवताना टेम्पोवाल्याची चिठ्ठी बघून मान डोलावू नका, तुमचा एक माणूस प्रत्यक्ष मोजायला बसवा. आणि खरकट्याच्या पिंपाशी एकाला उभा करा, ओतण्याआधी चमचे काढायला. हे काम कोणालाच नको असतं. ते करणाऱ्याला शंभर रुपये जास्त द्या, हिशेबात परवडतं.

मोठ्या भांड्यांच्या काठावर ठोकलेलं नाव बघून घ्या. एकाच कार्यालयात दोन कार्यं असली की पातेली बदलतात.

गावाकडे असाल तर आधी ग्रामस्थ मंडळाकडे किंवा देवळाच्या ट्रस्टकडे विचारा. अनेक गावांत सामाईक भांडी असतात आणि नाममात्र शुल्कात मिळतात. अट एकच, घासून, पालथी घालून परत.

१४. शाळेच्या गॅदरिंगचे ड्रेस: शिक्षिका एकत्र घेतात की पालकांनी घ्यावेत?

एकत्र घ्या. वीस मावळे वीस घरांतून आले तर वीस रंगांचे दिसतात. डिसेंबर-जानेवारीत आणि १९ फेब्रुवारीच्या आसपास गर्दी असते. मुलांच्या मापाऐवजी इयत्ता सांगू नका. चौथीतली दोन मुलं एका मापाची नसतात. दाढी-मिशांचा गोंद हातावर लावून बघा, आणि तलवार पुठ्ठ्याचीच मागा.

१५. घरी रुग्ण आहे. बेड, ऑक्सिजनचं मशीन वगैरे भाड्याने घ्यावं का?

आधी जवळचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र शोधा. महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत अशी केंद्रं संस्था चालवतात. व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड, एअर बेड अनामत ठेवून, नाममात्र शुल्कात मिळतात. मिळालं नाही तर मग खासगी. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही पाच महिने बेड वापरला. तेवढ्या भाड्यात जुना बेड विकत आला असता, हे चौथ्या महिन्यात लक्षात आलं. डॉक्टरांना 'साधारण किती दिवस?' हे विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर डॉक्टरांनी लिटर सांगितल्याशिवाय आणू नका. घरगुती मशीन बहुधा ५ लिटरचं असतं. नाकातली नळी नवीनच घ्या. बाटलीत डिस्टिल्ड पाणी घाला, फिल्टर शेवटी कधी बदलला ते विचारा आणि वीज गेली तर पर्याय काय हे त्याच दिवशी ठरवा.

१६. भाड्याच्या फर्निचरमध्ये फसायला होतं का?

फसवणूक क्वचित होते. अटी न वाचल्याने बसणारा फटका मात्र ठरलेला. किमान मुदत किती, आधी परत केलं तर किती कापतात, घर बदललं तर हलवण्याचा खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न विचारा. गादी आली की शिवणीच्या कडा आणि पलंगाचे सांधे टॉर्च लावून बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. टेम्पो दारात असतानाच परत पाठवा.

१७. गोव्यात भाड्याची स्कूटर घेताना?

नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने द्यायचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी शंभर रुपये स्वस्त मिळते, पण अपघात झाला तर भाड्याने दिल्याच्या कारणावरून विमा कंपनी हात वर करू शकते. ओरखड्यांचे फोटो प्रश्न ६ प्रमाणेच. मूळ लायसन्स त्यांच्याकडे ठेवू नका, रस्त्यावर ते तुम्हाला लागेल.

१८. बिलात जीएसटी लावला. बरोबर आहे का?

भाड्याने देणं ही सेवा धरली जाते, त्यामुळे लागू शकतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या दुकानदाराला साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी घेता येत नाही. बिलावर १५ अक्षर-आकड्यांचा नंबर आहे का बघा. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी नसतो.

१९. शेरवानी मी माझ्या नावावर घेतली आणि रिसेप्शनला भावाने घातली. काही बिघडतं का?

नीट परत आली तर कोणाला कळतही नाही. पण ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला आणि नुकसान झालं, तर तुमची चूक नसली तरी भरपाई तुमच्याकडे येते (करार कायदा, कलम १५४). उशिरा परत करण्याचंही तसंच. मुदत टळल्यावर वस्तूचं जे होईल ते तुमच्या जबाबदारीवर. आधी सांगितलंत तर बहुतेक दुकानदार पावतीवर दुसरं नाव घालून देतात, फुकट.

२०. कार्यालयातून बॅगच चोरीला गेली. आता?

त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत दुकानदाराला द्या. बॅग कुलुपात होती आणि कुलूप तोडलं, तर तुम्ही पुरेशी काळजी घेतली असं म्हणता येतं, आणि पावतीवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तुमच्यावर येत नाही. बॅग वऱ्हाडाच्या खोलीत उघडी होती आणि सगळे जेवायला गेले होते, तर भरा. बहुतेक वेळा दुसरंच घडलेलं असतं.

२१. सुतक आलं, लग्न पुढे गेलं. आगाऊ दिलेले पैसे मिळतील का?

पावतीवर काय लिहिलंय ते आधी बघा. पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागा, हे जास्त वेळा जमतं. आम्ही सुतकात तारीख बदलून देतो, फक्त नवी तारीख मोकळी हवी. लग्न मोडलं असेल तर भाड्यातला काही भाग कापतो, कारण त्या तारखेला आम्ही दुसऱ्याला नाही म्हटलेलं असतं. डिपॉझिट मात्र पूर्ण परत मिळायलाच हवं, वस्तू तुम्ही नेलेलीच नाही.

२२. दुकानदार डिपॉझिट देतच नाही. कुठे जाऊ?

आधी व्हॉट्सॲपवर लेखी मागा, पावती आणि व्हिडिओ जोडून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, आणि व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. तुम्ही स्वतः इव्हेंटचा धंदा म्हणून वस्तू घेतली असेल तर मात्र 'ग्राहक' ठरायला अडचण येते. पोटापुरता, स्वतः राबून केलेला धंदा असेल तर सूट आहे.

२३. परत दिलेल्या शेरवानीच्या खिशात काहीतरी राहिलं आहे!

लगेच फोन करा, संध्याकाळी गठ्ठा ड्राय क्लीनला जातो. आम्ही खिसे तपासतो, पण आतला चोरखिसा सुटतो. आमच्याकडच्या डब्यात या घडीला तीन सुपाऱ्या, बूट पळवणाऱ्या मेव्हणीशी झालेल्या तहाची सही केलेली चिठ्ठी आणि अकरा रुपयांचं एक पाकीट आहे. पाकिटावर नाव नाही.